पुलाच्या अलीकडे

"प्रवासी विमा द्या," एस्किल म्हणाले,
"सगळ्यात स्वस्त असेल तो."
आणि हेल्मेट ठेवलं माझ्या टेबलावर, उघड्या वहीवरच.

मी म्हटलं, प्रवासी विमा प्रवाशाला मिळतो.
नव्वद दिवस. मग परत जावं लागतं.
तुम्ही शेवटचे परत कधी गेला होतात?
ते बोटं मोजू लागले
आणि करंगळीपाशी थांबले.

अकरा वर्षं झाली त्यांना व्हिएंतियानमध्ये.
सिहोमच्या गल्लीत भाड्याचं घर, दोन कोंबड्या,
आणि मागच्या अंगणात एक माग, दुरुस्तीला आलेला,
जो ते दुरुस्त करायचं मनावर घेत नाहीत.
आम्ही अशांना फलांग म्हणतो.
कंपनी म्हणते, परदेशस्थ निवासी.
त्यांचं स्वतःचं म्हणणं, "मी जरा थांबलोय."

मी तीन पत्रकं मांडली.
पहिलं स्वस्त, पण नदीच्या अलीकडेच चालतं.
इथे टाके छान घालतात, माझ्या भावाच्या भुवईवर
आता शोधावा लागतो वण.
पण काळीज अडलं की डॉक्टरसुद्धा
नदीकडे बघतात.
पलीकडे उडोन. मोठं इस्पितळ, मोठं बिल.
आम्ही गाड्या उजवीकडून हाकतो, ते डावीकडून;
पुलापाशी सगळ्यांना बाजू बदलावी लागते,
अ‍ॅम्ब्युलन्सलाही.
त्या एका वळणाचेच पैसे आहेत, मी म्हटलं,
दुसऱ्या पत्रकात.

माझी आई गेली होती मामाच्या पिकअपमधून,
सिनच्या घडीत, कमरेला नोटा खोचून.
ते मी सांगितलं नाही.
ते कुठल्याच पत्रकात बसत नाही.

"मोटरसायकल चालवता?"
त्यांनी हेल्मेटकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.
"परवाना?"
"आहे. डेन्मार्कचा."
मी पेन उचललं नाही.
"ट्रॅक्टरचा," ते म्हणाले.

गेल्या वर्षी ओड्रन मास्तर असेच पडले,
परवाना नव्हता, कंपनीने कानांवर हात ठेवले,
आणि शाळेतल्या पोरांनी बिस्किटांचा डबा फिरवला
गल्लोगल्ली. माझ्याकडेही आला होता.
मी विकलेली पॉलिसी होती ती.

मग आजार. रक्तदाबाच्या गोळ्या, सकाळी एक.
"नाही लिहिलं तर?"
तर दरमहा तुम्ही कंपनीला देणगी द्याल, विम्याचा हप्ता नाही.
ते हसले. लिहिलं.
नोव्हेंबरात सत्तर पूर्ण होतात,
सत्तरीनंतर हप्ता जिना चढत नाही, उडी मारतो,
म्हणून आजच सही करा, हेही सांगितलं,
आणि वाटलं, मी सावध करतेय की विकतेय?
आठ वर्षांत हा फरक मला नीट कळलेला नाही.

घोडं पेंड खाल्लं शेवटून दुसऱ्या रकान्यात.
मृत्यू झाल्यास पार्थिव पाठवायचं ठिकाण: मायदेश.
दुसरा पर्याय नाही.
"ओडेन्सला उतरवून घेणार कोण?" ते म्हणाले,
"बहीण होती, ती गेली.
इथे वाटाच्या मागे नाही का करता येणार,
तुमच्यासारखं, लाकडांवर?"
करता येतं. पण फॉर्मला येत नाही.
रकाना रिकामा सोडला तरी एक डॉलर कमी होत नाही,
मी स्पष्ट सांगितलं.
तरी त्यांनी तो रिकामाच सोडला.

राहिला एक. आणीबाणीत कुणाला कळवायचं.
त्यांनी बराच वेळ लावला.
खिडकीतून नूडलवालीच्या पिंपाकडे पाहिलं,
मग एक नंबर लिहिला, संथ, गोल आकड्यांत,
फॉर्म माझ्याकडे सरकवला
आणि हेल्मेट घालून निघूनही गेले.

पट्टा न लावता. मी हाक मारली, ऐकू गेली नाही.

नंबर ओळखीचा वाटला.
माझ्याच कोपरापाशी तो फोन होता,
ऑफिसचा, बटणं झिजलेला.

हा फोन पाचनंतर कुणी उचलत नाही.
मी तो खोडला,
आणि वर, छोट्या अक्षरात,
माझा मोबाईल लिहिला.