किल्ली माझ्याकडे असते

बाहेरून गोठाच वाटतो ना?
उतरतं छप्पर, कौलं जमिनीला टेकायला आलेली.
सगळे एकदा पुढे निघून जातात, मग परत येतात.
ट्रूडोसच्या डोंगरात बर्फ असा पडतो
की देवालासुद्धा आमच्या शेळ्यांसारखंच राहावं लागतं.

पाय झाडा. वाका, दार ठेंगणं आहे.
किल्ली सासऱ्यांकडून निओक्लिसकडे आली, त्याच्याकडून माझ्याकडे.
पाद्री महिन्यातून एकदा येतो,
बाकीचे दिवस मी आणि उंदीर.

थांबा, अंधार डोळ्यांत मुरू द्या.
हा संत मामास, सिंहावर बसलेला, कवेत कोकरू.
सारा भरणार नाही म्हणाला,
आणि असाच स्वार होऊन राजाकडे गेला.
राजाने हिशेबच सोडून दिला.
करकचेरीचा कागद आला की गाव अजून
त्यालाच मेणबत्ती लावतं.

त्या बाईला डोळे नाहीत.
कुणी म्हणतं, शत्रूने फोडले.
शत्रूला एवढी सवड कुठली!
आमच्याच बायकांनी खरवडले, नखांनी,
रंगाची भुकटी पाण्यात कालवून
डोळे आलेल्या पोरांना लावायला.
संत आहे ती, तिने दिले.
पोरं बरी झाली का, ते विचारू नका.

आणि हा नरक.
पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेर पडताना दिसावा म्हणून.
मापात मारणारा गिरणीवाला, गळ्यात जातं.
दारूत पाणी घालणारी.
आणि हा, मानेवर नांगर घेतलेला,
शेजाऱ्याचा बांध कोरणारा.

त्याच्या तोंडावर तेलकट डाग आहे, दिसला?
तो माझा नवरा.

अडुसष्टच्या हिवाळ्यात, एका रात्री
निओक्लिसने बदामाच्या शेतातले तीन दगड हलवले.
चार पावलं. फार नाही.
कंदील मी धरला होता.
त्यानंतर चाळीस वर्षं दर रविवारी
तो इथेच उभा राहिला, चित्राला पाठ लावून,
डोकं मागे टेकवून,
तापात, थंडीत, मुलीच्या लग्नातसुद्धा.
लोक म्हणायचे, केवढा भाविक, कधी बसत नाही.

मग निकोसियाहून साफ करणारे आले,
कापसाचे बोळे, बाटल्या, पाळण्यासारखी शिडी.
शेकडो वर्षांची काजळी उतरवली त्यांनी.
या डागापाशी आले तेव्हा मी म्हटलं, हा राहू द्या.
त्यांच्यातली मोठी बाई म्हणाली, ऐतिहासिक आहे का?
म्हटलं, आहे.

दगड?
तिथेच आहेत.
दर ऑगस्टात बदामाची पहिली पाटी
मी फ्रोसोच्या पायरीवर ठेवून येते.
ती बोलत नाही.
पाटी मात्र परत येते, धुऊन पुसून.

वरच्या गावात अजून दोन चर्च आहेत, याहून मोठी.
तिथला नरक पुसट झालाय.
चारला बंद होतात, निघा आता.
आणि जाता जाता दार जरा ओढून धरा,
कुलूप दोनदा फिरवावं लागतं.