काढता पाय

वॉकलीच्या उतारावर कौन्सिलची गाडी मीठ टाकून गेली.
घरापासून बसस्टॉप एकशे चाळीस पावलं,
त्यातली सत्तर डाव्याची,
म्हणजे सत्तर वेळा काच.

सात ऑपरेशनं. पहिलं मिरजेला, मी अकरा महिन्यांची.
शेवटचं इथे शेफील्डला, मार्चमध्ये:
दोन स्क्रू, एक प्लेट
आणि ऑगस्टपर्यंत वाहणारी जखम.

मिसेस हॅरप खुर्ची ओढून समोर बसल्या.
डॉक्टर खुर्ची ओढतात तेव्हाच कळतं.
“गुडघ्याखाली. सक्ती नाही. निर्णय तुमचा.”
तुमचा म्हणताना त्यांनी पायाकडे पाहिलं,
त्यालाही विचारत असल्यासारखं.

अंगणात पोरी तळ्यात-मळ्यात खेळायच्या.
मला उडी जमायची नाही, म्हणून पुकारायचं काम माझं.
तळ्यात. मळ्यात. मळ्यात!
चुकलेलीला मी जराही सोडायचे नाही.
आता पुकारणारं कुणी नाही.

डेनिसने पँट वर करून आपला पाय दाखवला,
काळा कार्बनचा, वर फुटबॉल क्लबचा स्टिकर.
“पंधरा वर्षं वाया घालवली, ठेवून.”
मग जरा थांबून,
“रात्री अंगठा खाजतो अजून. खाजवू कुठे?”

हेरंबने वहीत दोन रकाने आखले.
फायदे खालपर्यंत गेले.
तोट्यांचा रकाना कोरा,
आणि मला त्या कोरेपणाचाच राग आला.
अरे, उजव्या पायाने माप लवंडायचं
म्हणजे तेवढा वेळ डाव्यावर उभं राहायचं.
सगळं वऱ्हाड बघत होतं.
राहिला तो. पडू दिलं नाही मला.
हे लिही की कुठेतरी.

माळ्यावर बुटांचे खोके:
डावा चार नंबर, उजवा सहा,
दर वेळी दोन जोड घ्यायचे.
उरलेले बूट कधी कुठे चाललेच नाहीत.

फॉर्मवर एक चौकोन आहे,
काढलेल्या अवयवाचं काय करावं.
हॉस्पिटल जाळेल, किंवा तुम्ही न्या.
माझ्याआधी माझाच पाय, एकटा,
दहाव्याला कोण येणार?
मी हसले. नर्सला वाटलं, रडतेय.

काल रात्री नखं कापत होते, दहाच्या दहा.
डाव्याची हळू, करंगळीचं तर वाकडंच वाढतं.
फॉर्म मांडीवरून घसरला
आणि पाय पडला त्याच्यावर.
सवयीने वाकले, बोटं टेकवली, कपाळाला लावली.
कागदाला, की

आतून हेरंब: “चहा ठेवू?”
ठेव, म्हटलं.