चौकोन

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, गाळा नंबर नऊ.
विंडोज तिसऱ्यांदा मेलं तेव्हा प्रणितनं
पेन ड्राइव्हमधून हे पेंग्विनवालं घातलं.
"काकी, फुकट आहे. व्हायरसची कटकट नाही."
व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं अ‍ॅप मात्र ह्याच्यासाठी नाहीच म्हणे.
म्हणून ब्राउझरची एक खिडकी सताड उघडी
आणि फोन खणात, चार्जरला बांधून.

दिवसभर लोक पायरीवरूनच ओरडतात,
"पाठवलंय हां काकी!"
नमस्कार कुणी लिहीत नाही.
आधार, भाडेकरार, दहावीचं मार्कशीट,
एकाचा राजीनामा, दोन प्रती.
छापायचं, पुसायचं.
कॉल आला तर पडदा गप्प,
खण तेवढा थरथरतो.

काल शटर ओढताना एक आलं.
नंबर ओळखीचा. बायोडाट्याच्या पाच प्रती,
जन्मतारीख चुकली म्हणून पुन्हा पाच, ती मुलगी.
फाइल नव्हती.
"आई, पोचले. रूम बरी आहे. पंखा आहे."
आणि पुढे एक रिकामा चौकोन.

नवे चेहरे ह्या जुन्या ब्राउझरला येत नाहीत.
अपडेट करायला प्रणित रविवारी येणार,
कुठल्या रविवारी ते बोलला नाही.
हसरा असेल. किंवा दुसरा.
खणातला फोन काढून बघता आलं असतं.
नाही काढला.

टाइप केलं, "बरं. जेवून घे."
दोन्ही रेघा लगेच निळ्या.
मग ती बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली,
थांबली,
पुन्हा लिहू लागली.

शटर मी अर्ध्यावरच धरलं होतं.