काफपर्यंत

बेड सात. वैजनाथअप्पा बिडवे, वय अठ्ठ्याऐंशी.
झोप दोन तास. भाकर अर्धी, दुधात कुस्करून.
रक्तदाबाची गोळी : घेतली.

असं मी रात्रपाळीच्या वहीत लिहिलं
आणि पहाटे ताट उचलायला गेले तर
उरलेल्या घट्ट वरणात बोटानं ओढलेली एक नाव,
तिच्या खाली, बरोबर मधोमध,
ती गोळी.

‘बे,’ अप्पा म्हणाले.
‘नुक्त्याबिगर बे होतो का गं?’

मी ‘घेतली’वर काट मारली.

उदगीरहून देगलूरकडं जाताना तेलमिलच्या पुढं
निळ्या गेटाचं हे घर. अठरा खाटा.
इथं सगळेच काही ना काही सांडत आलेत.
सोजरबाईंनी नवऱ्याचं नाव सांडलं,
तोंडारकर गुरुजी चमचा हातात धरून बसतात,
तो कशाचा ते विचारत नाहीत.
अप्पांची मराठी सांडायलीय.
आधी भाज्या गेल्या, मग सून,
परवा ‘पाणी’ गेलं.
आणि विहीर आटल्यावर तळाची घागर दिसावी
तशी पहिली-दुसरीतली उर्दू
उघडी पडली.

मन्मथ येतो चौथ्या शनिवारी, पुण्याहून.
‘बाबा, मराठीत बोला ना,’ मोठ्यानं म्हणतो,
जसं काही कान गेलेत.
मग माझ्याकडं बघतो.
मी सांगते : शाळेला उशीर होतोय म्हणतात.
तख्ती सापडत नाही म्हणतात.
बापाचं लेकाला
मी, नसरीन बागवान, मराठी करून देते.
त्याला वाटतं, मला हे वाचताही येत असेल.

मला कुठलं.
मी जिल्हा परिषदेची. अ अननसाचा.
दादाच्या कागदांची पेटी आहे घरी,
वर्षातून एकदा उघडते,
वाळवी बघायला.

तर रात्री दोनला अप्पा शिकवतात.
तख्ती नाही म्हणून लघवीच्या चार्टच्या पाठीमागं.
अलिफ ताठ उभा. जीमला पोट.
चुकलं की कान धरतात,
पण पिळायचं विसरतात,
नुसताच धरून ठेवतात.

‘मौलवी साब आए क्या?’
हे रोज.
एका साली शाळा बंद पडली,
उघडली ती मराठीत,
मौलवी साहेब काही आले नाहीत.
एवढं मन्मथच्या आत्यानं फोनवर सांगितलं.
त्यापुढं ती गप्प.
आमच्या घरीसुद्धा त्या सालाचं कुणी काढत नाही.
दादी तिथपर्यंत आली की उठायची,
सारवलेली चूल परत सारवायची.

ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, दुरुस्त करायचं नाही.
माणूस ज्या गावात असेल त्या गावात आपण जायचं.
मी म्हणते, छुट्टी पे हैं, अगले जुम्मे को आएंगे.
अप्पा पाय वर घेतात. निजतात.
मला मात्र त्या गावातून
परत यायला वेळ लागतो.

पोळ्याच्या सुमाराला आम्ही काफला आलो.
तिथंच अडकलो. अप्पा पेन वर धरून
पंख्याकडं बघत राहिले. दुसऱ्या रात्री पुन्हा
अलिफपासून, पुन्हा काफ, पुन्हा पंखा.
मग मागची मागची अक्षरंही निघून गेली.

काल मीच ताटात नाव ओढली.
‘हे काय गं?’
बे, अप्पा.
बराच वेळ बघितलं त्यांनी. ‘नुक्ता कुठाय?’
आत्ताच गिळला की तुम्ही, पाण्यासोबत.
हसले. पोटावर हात ठेवला.
वहीत लिहिलं : घेतली.

रविवारी पेटी काढली.
दादाचं नाव महेमूद. त्यात दोन मीम येतात म्हणे,
कुठले ते मला सांगता यायचं नाही.
मीम काफच्या पुढं आहे.