उसने बटाटे

रावस डबाबंद करणारा कारखाना बुडाला, त्या सप्टेंबरात
एदेलमिरानं कुंपणावरून तीन बटाटे दिले.
जांभळे, वाकडे, तान्ह्याच्या मुठीएवढे.
"उसने आहेत," म्हणाली. "सहा परत करशील."

आमच्या चिलोए बेटावर परसात माती कमी, दगडच जास्त.
ओहोटीला समुद्र मागे सरला की
पाटीभर शेवाळ ओढून आणायचो, वाफ्यात गाडायचो.
वीस वर्षं माशांची पोटं फाडलेले हात
एवढ्याशा कोंबापुढे भलतेच अवघडले.

मार्चात खणलं. एकोणीस.
त्यांतले दोन उंदरानं चाखलेले.

मग मिल्काओ करायला घेतला.
कृती विचारली, तर म्हणे,
"अर्धे उकड. अर्धे कच्चेच किसून फडक्यात पीळ."
किती पिळू?
"फडकं रडायचं थांबेपर्यंत."

पिळलं आपलं बेताबेतानं.
मीठ घातलं, डुकराची चरबी घातली, गोल थापलं,
आणि तव्यावर पसरली राखाडी पेज.

ती आली. उभ्याउभ्याच चमच्यानं खाल्ली ती पेज,
चांगली म्हणाली नाही, वाईटही नाही.
दुसरा कीस फडक्यात बांधून माझ्या मुठीत दिला,
वरून स्वतःची मूठ आवळली.
मी कोरडं समजत होतो त्यातून
वाटीभर पाणी निघालं.

जाताना सहा बटाटे मोजून दिले.
तिनं दोन बाजूला काढले:
"उंदराचं उष्टं मी परतफेडीत धरत नाही."