अकरा दिवस

पुन्ता अरेनासला वारा पिसाळला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
दोर धरतच ओतिलिया आली रात्रपाळीला,
इस्पितळाच्या तळघरात.

सर्व्हरला एकच डिस्क दोनदा दिसते,
दोन वायरींतून, दोन नावांनी.
मधलं सॉफ्टवेअर त्याला समजावतं:
अरे, घर एकच आहे, वाटा दोन.
आणि एक वाट मेली की
दुसरीनं जायचं, गवगवा न करता.

गवगवा न करता. तेच नडलं.
लॉग चाळताना तिला दिसलं,
डावी वायर अकरा दिवस मुकी.
अकरा दिवस एक्स-रे उघडत होते,
वरच्या मजल्यावर जन्मलेल्या बाळांची वजनं
ग्रॅमसकट नोंदली जात होती,
सगळा भार उजवीवर.
कुणाचं काही अडलं नाही,
म्हणून कुणी विचारलं नाही.

तिनं वायरीचं टोक पुसलं, पुन्हा खोचलं.
थोडा वेळ काहीच नाही,
मग हिरवा दिवा.

सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला,
आईचं न्हाऊमाखू, औषधं, रात्रीचं उठणं
एकटा बाल्दोमेरो बघतो.
फोनवर दरवेळी म्हणतो,
ठीक चाललंय, ताई.

पहाटेचे चार.
ती नंबर लावते.