प्रश्न सातवा

सगळ्यात सोपा आहे, साहेब म्हणाले होते.
महागाई रोखण्यासाठी सरकार पुरेसे प्रयत्न करीत आहे का?
होय. नाही. सांगता येत नाही.
एका फॉर्मला चौदा रुपये,
पेन आपलं.

पहाटे गंगावेशीत, दूधकट्ट्यावर
म्हशीची धार चरवीत घुमत होती.
जिन्नाप्पा मगदूम, वय बहात्तर, कान मोडलेले,
पेल्यावरचा फेस फुंकत म्हणाले, लिही, होय.
मिशी पुसली.
आणि हे बी लिही, की पूर्वी उभ्या-उभ्या दोन शेर प्यायचो,
आता ह्यो एक पेला, त्यातला निम्मा नातवाला.
मग ‘नाही’ लिहू का, आजोबा?
तर रागावले.
एकदा सलामी झडली
की कुस्ती निकाली हुईस्तवर आखाडा सोडत न्हाईत, पोरी.

मी ‘होय’वर खूण केली.
निम्म्या पेल्याला फॉर्मात जागा नव्हती.

कपिलतीर्थात गवराबाईनं मला बसायला पोतं दिलं.
पुरेसे म्हंजे किती गं? मापात सांग.
तागडीजवळची वजनं तिनं एकेक करून माझ्यापुढं मांडली,
हे पावशेर, हे अर्धा किलो, हा किलो.
तुझं पुरेसं ह्यातलं कुठलं?
सूचनांच्या पानावर मी खरंच शोधलं.

तोवर एक गिऱ्हाईक, पिशवीचं तोंड उघडं धरून,
चार काड्या कोथिंबीर वरून मागत होतं.
गवराबाईचा हात जुडीपर्यंत गेला, थांबला.
बघ, म्हणाली मला,
पूर्वी न मागता टाकत हुते.
आता ही माझ्या तोंडाकडं बघती, मी हिच्या.
आम्हा दोघींच्या मधी सरकार कुठं उभं असतंय,
तेवढं दाव. मी इचारते त्येला.

मिसळीच्या दुकानात नवी पाटी, रंग अजून ओला:
जादा कटाचे पैसे पडतील.
मालक म्हणाला, नाही! ठळक कर!
कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं,
आणि तू रं? तू कुठं पुरेसे प्रयत्न करतोयस?
दुकान हसलं. मालकही हसला, लाल होऊन,
आणि पळीभर कट फुकट वाढला
फक्त मला.

उद्यमनगरात लेथ थांबवलं नाही कुणी.
एकानं तेलकट बोट तिसऱ्या चौकोनावर टेकवलं,
तो डाग म्हणजेच त्याचं उत्तर.

संध्याकाळी साहेबांनी गठ्ठा चाळला.
सांगता येत नाही फार झालेत.
असले आले की वरच्यांना वाटतं, तुम्ही फिरलाच नाहीत.
अकरा फॉर्म बाद. खाडाखोड झालेले वेगळे.
मी म्हणणार होते, सांगतात की हो, सांगून सांगून
बसस्टॉपपर्यंत सोडायला येतात.
नाही म्हणाले. उद्याचे फॉर्म घ्यायचे होते.

घरी आईनं बाद कागदाची कोरी बाजू बघून
त्यावर यादी केली.
शेंगदाणे अर्धा, खोडून पाव.
गोडेतेल एक, खोडून अर्धा.
चहापूड. साबण एक.
तूरडाळ, पुढं काहीच नाही,
नुसती पेन टेकवून धरल्याची जाड टिंबं.

हा फॉर्म साहेबांना द्यावा असं फार वाटलं.
पण सकाळी तो वाण्याकडं लागणार होता.